पाचाची तेरा घरं

बा, तुझी नात चार दिवस माझ्याकडे राहून गेल्या रविवारी परत गेली. तू तिला पाहिलंस तेव्हा ती सव्वा महिन्याची होती, आणि त्याच वर्षी तू गेलास. आता ती मोठ्या शहरातल्या एका संस्थेत भूमितीवर संशोधन करते. कंपास-फूटपट्टीची शाळेतली भूमिती नव्हे. एखादी वस्तू ताणली, दाबली, वाकवली, तरी तिच्यातलं काय बदलत नाही ते शोधायचं, असं तिचं काम. भाऊ फोनवर सांगतो, "पोरगी टोपल्याईतच पीएचडी करून राह्यली, बुरडाचं रक्त लपत नाई." सांगताना त्याचा आवाज फुगलेला असतो. त्याला स्वतःला आयुष्यात एक धड सूप विणता आलं नाही. मला तिचा हेवा वाटतो, बा. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल. आम्ही दोघी दारापुढच्या सपरीत बसून भाजी निवडत असतो आणि ती मध्येच हात थांबवून म्हणते, "हे असं का होतं, आत्या?" त्या संस्थेत तिला नेमकं याच्यासाठी ठेवलं आहे. 'काऊन' विचारणं हीच तिची नोकरी. आपल्या घरात त्याच शब्दासाठी मी किती बोलणी खाल्ली, ते तुला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं पिशवीतून तिच्या पाळण्यावरचा गोळा काढला. तू तिच्यासाठी बांबूच्या कामट्यांचा विणलेला, आत चिंचोके घातलेला, हलवला की वाजणारा. वहिनीनं तो इतकी वर्षं जपून ठेवला होता. ज्यांच्या घरी तू सूप-टोपली द्यायचास त्यांच्याकडे मूल झालं की तू असा गोळा फुकट द्यायचास. माझ्या घरी पाळणा हलला नाही, म्हणून मला गोळा मिळाला नाही. तो तिच्या मांडीवर पाहिला आणि मी मेथीची जुडी पुढ्यात ओढली. ती म्हणाली, "गंमत दाखवते," आणि स्वतःच्या टिकल्यांच्या पाकिटातून एकेक टिकली काढून कामट्यांच्या विणीत पडलेल्या प्रत्येक पाच कोनांच्या घरावर चिकटवत गेली. बारा टिकल्या लागल्या. "बाकी सगळी घरं सहा कोनांची. ती शंभर असोत, नाहीतर एकही नसो. गोळा लहान करा, मोठा करा, भोपळ्यासारखा लांबट करा. पाचाची घरं बाराच. आजोबांनी केला तरी बारा, जपानात कोणी केला तरी बारा."

मी मेथी निवडत होते. वर न बघता विचारलं, "अन् मधात साताचं घर पडलं तर?"

ती उत्तर देणार तेवढ्यात मीच म्हणाले, "तर पाचाची तेरा."

तिनं टिकल्यांचं पाकीट खाली ठेवलं. "हे तुला कोणी सांगितलं?"

आणि मी म्हणाले, "बानं."

कसं निघून गेलं तोंडातून, कळलं नाही. आपल्याकडे शहाणपणाची गोष्ट बापाच्या नावावर सांगायची रीत आहे. बाईनं 'मी केलं' म्हटलं की ऐकणारे आधी तिच्याकडे बघतात, मग गोष्टीकडे. पण पोरीचा चेहरा असा उजळला की मी ते तसंच राहू दिलं. "म्हणजे आजोबांना माहीत होतं!" ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

तुला काय माहीत होतं, बा? मार्कंड्याच्या जत्रेआधीचे ते दिवस आठव. आपण सिंदेवाहीच्या घरी अंगणात बसलेलो आहोत. जत्रेत विकायला गोळे करायचे आहेत, आई कामट्या तासते आहे, तू कोंबड्यांच्या डालग्याचा काठ बांधतो आहेस. मी सहावीत आहे. तू शिकवलेलं मला पाठ आहे: सहाचं घर घेतलं की वीण सपाट राहते, पाचाचं घेतलं की आत वळते. माझ्या हातून एक कामटी सुटते आणि सात कोनांचं घर पडतं. तिथं वीण वळायच्या ऐवजी फुलते, कानासारखी बाहेर येते. उसवायचा कंटाळा म्हणून मी तशीच पुढे विणत जाते, आणि गोळा मिटतो. पण मिटायला एक पाचाचं घर जास्त लागतं. मी मोजते. तेरा. पुन्हा मोजते. मग मुद्दाम दोन सातांचा एक गोळा करते, आई पाहत नाही असं बघून. त्याला चौदा लागतात. मी दोन्ही गोळे घेऊन तुझ्याकडे धावत येते.

तुझ्यासमोर एक बाई सुपाची घासाघीस करत उभी होती. मी म्हणाले, "बा, एका साताले एक पाच जास्तीचं लागते. काऊन?" तू गोळे हातात घेतलेस, फिरवलेस, आणि माझ्या पायाशी टाकलेस. "घरं काऊन मोजून राह्यली तू? गिऱ्हाईक गोळा पाह्यते, घरं नाई पाहात. वाकडे झाले हे. उसव." ती बाई हसली. "पोरगी मास्तरीण होते का काय, भाऊ?" तू म्हणालास, "मास्तरीण नाई. रिकामटेकडी आहे." मी दोन्ही गोळे तुझ्यासमोर बसून उसवले. कामट्या पुन्हा कामी आल्या, तू वाया जाऊ दिल्या नाहीस.

पुढच्या वर्षी माझी शाळा सुटली. भाऊ शिकला, बल्लारपूरला कागदाच्या गिरणीत लागला. ज्या बांबूच्या आपण कामट्या काढायचो त्याचा तिथं लगदा होतो. माझं लग्न झालं. माझे मालक वनखात्याच्या बांबू डेपोवर चौकीदार होते. त्यांच्यामुळे मी वाचायला लागले. ते तालुक्याच्या वाचनालयातून कोणतंही पुस्तक उचलून आणायचे, कधी विहिरी खोदण्याचं, कधी ताऱ्यांचं, आणि मी ते शेवटच्या पानापर्यंत वाचायचे. एकदा जेवताना मी त्यांना ही तेरा-चौदाची गोष्ट सांगितली. ते घास थांबवून म्हणाले, "मंग पंधरा कवा होते?" मी म्हटलं, "तीन सात पडले की." त्यांनी थोडा विचार केला, "बरोबर आहे" म्हणाले, आणि भात मागितला. मला आयुष्यात एवढंच प्रमाणपत्र मिळालं. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. अजून कुकरला दोघांचे तांदूळ पडतात आणि मी मूठभर परत डब्यात टाकते.

पोरीनं तिच्या कामाची आणखी एक बाजू मला शेवटच्या दिवशी समजावली. तिला तिथले लोक उलटा प्रश्न म्हणतात. आकार माहीत असला तर त्यावर थाप मारल्यावर कसा आवाज येईल ते काढता येतं. हा सरळ प्रश्न. उलटा प्रश्न म्हणजे नुसता आवाज ऐकून आतला आकार सांगायचा. मी म्हटलं, तुझा आजोबा बांबूवर बोटाचं हाड वाजवून आत कीड आहे का ते सांगायचा. ती खूश झाली. मग म्हणाली, "पण आत्या, कधी कधी दोन आकार अगदी वेगळे असतात आणि आवाज तंतोतंत सारखा येतो. मग बाहेरून काही सांगता येत नाही. किती मोजलं तरी."

तेव्हापासून मला एक गोष्ट छळते आहे. तू गोळा पुरा झाला की तो हातात फिरवायचास आणि पाचाच्या एकेका घरावर अंगठा दाबायचास. ओठ हलायचे. तू मोजत होतास का? की नुसती वीण घट्ट बसली का ते पाहत होतास, आणि तोंडानं देवाचं नाव घेत होतास? मोजत असशील तर मला रिकामटेकडी का म्हणालास? नसशील तर माझा मान मी उगाच तुझ्या नावावर लिहिला. मी तुझ्या शेजारी सतरा वर्षं बसले आणि मला हे सांगता येत नाही.

बुधवारी तिनं फोनवर तिच्या प्रबंधाच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला. सोमवारी छापायला जाणार होता. त्यावर एकच ओळ होती: "आजोबांना, ज्यांना हे आधीच माहीत होतं." मी ते पान तीन दिवस पाहिलं. भाजी फोडणीला टाकून पाहिलं, देवापुढे दिवा लावून पाहिलं. आधी पोरीचा हेवा होता, आता तुझा वाटायला लागला. मेलेल्या बापाचा हेवा करणारी मी पहिलीच असेन. त्या एका ओळीत माझी सहावीतली दुपार होती, आणि ती तुझ्या नावानं छापली जाणार होती. तीही मीच दिलेली.

काल सकाळी मी फोन लावला. "तुह्या आजोबानं नाई मोजलं," मी म्हणाले. "मी मोजलं. साताचं घर माह्या हातून पडलं, तेरा मी मोजले, चौदाचा गोळा मी मुद्दाम केला."

 तिची शहरी भाषा गळून पडली. "आत्या, मंग तवा काऊन नाई सांगितलं तू?" मी म्हटलं, "आता सांगून राह्यली ना." ती हसली, रडलीही असेल. ओळ बदलते म्हणाली, माझं नाव घालते म्हणाली. मी नको म्हटलं नाही. मला ते हवंच होतं.

मग तिनं विचारलं, "आजोबा काय म्हणाले तवा? तू दाखवलं तवा?"

बा, मी म्हणाले, "हसला. म्हणे, आनखी एक करून दाखव."

ती म्हणाली, "हेही लिहिते." मी तिला थांबवलं नाही.