फुगा कोणी फुगवायचा

शके १८०९, मार्गशीर्ष शु. ५, रविवार. कल्याण.

तो चामड्याचा चेंडू पुन्हा घरात. घरात म्हणजे मागच्या पडवीत, न्हाणीच्या भिंतीवरच्या खिळ्याला. ही जागा सासूबाईंनी ठरवून दिलेली. त्याच्यापुढे एक बोट सरकला तर विहिरीत टाकीन, असं त्या रोज एकदा म्हणतात.

सकाळची प्रार्थना आटोपून हे पोरं घेऊन तळ्यामागच्या माळावर गेले. बाजारपेठेमागच्या बोळांतली पोरं. चांभाराची, आगऱ्यांची, वाण्याची, आमच्या आळीतला बाळू जोशी. वर्षापूर्वी हीच टोळी कवड्यांवर जुगार खेळायची. यांच्या सभेची शिकवण अशी की आपण सगळी एका बापाची लेकरं. एका चेंडूमागे पळाली की निम्मा धर्म झाला, हे यांचं स्वतःचं. आधी प्रार्थना, मग खेळ. पोशा आगरी डोळे मिटून शेजाऱ्याला चिमटे काढतो म्हणे.

जोशीकाकांनी बाळूला का पाठवलं, तर या खेळात हात लावायचा नसतो. पायाला चामडं चालतं, वहाणा घालतोच की. हाताने करायची कामं सगळी सख्याकडे. दोन बांबूंच्या मध्ये उभं राहून चेंडू धरायचा, बाहेर गेला की आणायचा, आतला रबराचा फुगा तोंडाने फुगवून वादी आवळायची. चांभाराचाच मुलगा, त्याला कसला विटाळ. सगळे खूश. मलाही ही युक्ती फार हुशारीची वाटली होती.

येता सोडून पुढच्या शनिवारी रेल्वेतल्या साहेबांच्या मुलांशी सामना. यांना जेवण सुचत नाही.

शु. ७, मंगळवार.

गंगा मागच्या दाराने येऊन गेली. सख्याची आई. आळीतली निम्मी पोरं तिच्याच हातांवर जन्मली. पोट चाचपून म्हणाली, "डोकं खाली फिरलंय, बाय. आता धावपल नको." ती गेल्यावर सासूबाईंनी मला डोक्यावरून न्हायला लावलं. सुईणीचे हात पोटावर चालतात, नंतर पाणी मात्र हवं.

सातव्यातच माहेरी ठाण्याला जायचं होतं. तेव्हा आई तापाने पडली. आठव्यात हलवत नाहीत. आता नववा लागला की अण्णा न्यायला पाठवतील. दिवस मोजत बसते झालं.

थोरली दुर्गाताई बाळंतपणात सासरीच गेली. मूल आडवं आलं. आई पोचली तेव्हा ताईला बाहेर काढून ठेवलं होतं. मला आई हवी. बाकी कोणी असो नसो.

शु. १०, शुक्रवार.

अण्णा आले होते, ठाण्याहून दुपारच्या गाडीने. यांना म्हणाले, "तुमची प्रार्थना तुमच्यापाशी. पण आमच्या घरी पाच माणसं जेवतात, धाकट्या दोघींची लग्नं व्हायचीत. तुमच्यावर बोट आलं तर मनूला मला घरात घेता यायचं नाही."

यांनी विचारलं, काय करू.

"पोरांना शिकवा, खुशाल शिकवा. पण त्या जिनसाला तुमचा हात लागता कामा नये. तोंड तर नाहीच नाही."

 हे म्हणाले, "शब्द देतो." माझ्यासाठी दिला. हा माणूस शब्द मोडत नाही, हाच याचा रोग.

अण्णांसाठी केलेला शिरा तसाच राहिला. मी दोनदा खाल्ला.

शु. १२, रविवार.

आज खेळ झाला नाही. फुगा बसला होता, रिकाम्या पखालीसारखा. सख्या म्हणाला, मी नाही फुगवणार. यांना वाटलं घसा दुखतोय.

दुपारी लाकडं घेऊन मागच्या दारी आला तेव्हा मीच विचारलं.

"मना बी पलायचाय, वैनीबाय."

"मग पळ की. कोण अडवतंय?"

"कोन म्हंजे? मी पललो तर धरनार कोन? फुगवनार कोन? सगली पलतात, मी बांबूत हुबा. ढोरावानी."

मी नुसती लाकडं मोजून घेतली. मी! सासूबाई म्हणतात माझ्या जिभेला हाड नाही.

पौर्णिमा, बुधवार.

यांच्याशी भांडण. मीच काढलं.

म्हटलं, देव एक म्हणता, बाप एक म्हणता, आणि फुगा मात्र एकाच्याच तोंडचा?

हे म्हणाले, "माझ्या लक्षात नाही आलं असं वाटतं तुला?"

"मग फुगवा तुम्ही."

 मी बोलून गेले आणि मग आठवलं की शब्द कोणासाठी दिलाय. तेवढ्यात पोटात बाळ फिरलं. राग कोणावर काढायचा तेच कळेना. भांडी घासताना तांब्या आपटला, चेंबला.

व. २, शुक्रवार.

सामना उद्या. सख्याचा पत्ता नाही. हे दोनदा त्याच्या दारापर्यंत जाऊन आले. गंगा म्हणाली, पोराच्या मनात येईल तर येईल. बाळू पडवीत येऊन चेंडूकडे नुसता बघतो आणि जातो. खिळ्यावर कातडं लोंबतंय.

साहेबांच्या पोरांना काय कळवायचं? की आमच्याकडे खेळायला सगळे आहेत, फुगवायला कोणी नाही?

व. ३, शनिवार.

हे आजच लिहून ठेवते.

दुपारी पोरं परसात जमली. सख्या आला, पण कुंपणाबाहेर शेवग्याखाली बसला. म्हणाला, "आज तुमच्यातलं कुनीबी फुगवा. येकदाच. मंग मी येतो. बांबूत बी हुबा ऱ्हातो."

एवढंच मागितलं पोराने.

कोणी हलेना. बाळू पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. पोशा म्हणाला, "मी फुगवला तं आय मना घरान घेनार नाय." फुगा रबराचा, तिथे चामड्याचा प्रश्न नाही. त्याच्या नळीला सख्याचं तोंड लागलंय, ते उष्टं.

यांनी हात पुढे केला. अर्धा. मग मागे घेतला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मी दारात होते. माझ्याकडे नाही, माझ्या पोटाकडे पाहिलं त्यांनी. मी या माणसाला इतका लाचार कधी पाहिला नव्हता, आणि तो माझ्यामुळे झाला होता.

पायऱ्या कधी उतरले कळलं नाही. म्हटलं, "आणा इकडे."

नळीला चिंचेचा वास येत होता. सख्या दिवसभर चिंचा चोखतो. उष्टं म्हणाल तर पाच वर्षं मी यांच्या उष्ट्या ताटात जेवते, त्याला पुण्य म्हणतात. डोळे मिटले आणि फुंकलं. पहिल्यांदा काहीच झालं नाही. सख्या कुंपणावरून ओरडला, "गाल नको फुगवू, वैनीबाय, पोटातून फुक!" पोटात जागा कुठे होती! फुंकता फुंकता बाळाने आतून अशी ढुशी दिली की हसू आलं, सगळी हवा परत तोंडात. पुन्हा सुरुवात. शेवटी टणक झाला. दोरा बांधला. वादी मात्र सख्याने ओढली. तो कुंपण ओलांडून कधी आत आला ते कोणालाच कळलं नाही.

पोरं निघाली. हे शेवटी थांबले. म्हटलं, "तुम्ही शब्द दिलात. मी कुठे दिला होता?"

संध्याकाळी बातमी. तीन-एकने हरले. तो एक सख्याचा. यांनी त्याला मोकळा सोडला होता आणि बांबूत पोशा उभा राहिला, हाताने चेंडू धरला म्हणे, आयला सांगायचं नाही या अटीवर. आणि सख्या गोल केल्यापासून पेठभर नाचतोय: "वैनीबायनं फुगवला! मास्तरांच्या वैनीबायनं!"

पोराचा आनंद. त्याला काय बोलू? पण मी खिडकी लावून घेतली.

व. ५, सोमवार.

पाणक्या आला नाही. जोशीकाकूंनी आमच्या भिंतीवरचे त्यांचे पापड उचलून नेले. बाळू खिडकीत दिसतो, खेळायला येत नाही. यांच्या शाळेतल्या एका मास्तराने आज शेजारी बसायचं टाळलं.

सासूबाईंनी आज चेंडू विहिरीत टाकीन असंही म्हटलं नाही. त्या बोलत असल्या की बरं असतं.

व. ८, गुरुवार.

कल्याणची बातमी ठाण्याला आगगाडीच्या आधी पोचते. अण्णा आले. ओटीवरच बसले. पाणी ठेवलं, घेतलं नाही. माझे वडील, माझ्या हातचं पाणी घेतलं नाही.

म्हणाले, मार्ग आहे. पंचगव्य घ्यायचं आणि पाच जणांपुढे एवढंच सांगायचं, की नवऱ्याने जबरदस्ती केली. बाईमाणूस, पोटुशी, ऐकावं लागलं. मग कोणी काही म्हणणार नाही. विष्णू, माझा धाकटा भाऊ, सोमवारी येईल न्यायला.

"आणि नाही सांगितलं तर?"

अण्णांनी उपरणं सारखं केलं. "तर त्याच पावली परत जाईल." डोळे भरले होते त्यांचे. मी अण्णांना रडताना फक्त दुर्गाताईच्या वेळी पाहिलं होतं.

पंचगव्य घेईन. दहा वेळा घेईन. गाईचंच आहे. पण यांनी करायला लावलं? ज्या माणसाने माझ्यासाठी आपला देव बाजूला ठेवून हात मागे घेतला, त्याने?

व. १०, शनिवार.

हे म्हणतात, "सांग तसं. मी नाकारणार नाही." म्हटलं, तुमची शाळा जाईल, पोरं जातील, कोणी आपलं मूल तुमच्या माळावर पाठवणार नाही. म्हणाले, "तू जगलीस तर पुन्हा चेंडू आणता येईल."

असं बोलल्यावर माणसाने काय करावं? मी चिडले. चांगुलपणाचा सुद्धा छळ असतो. मग त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, भर दुपारी, सासूबाई ओट्यावर असताना.

संध्याकाळी सासूबाई दिव्याला वात लावता लावता म्हणाल्या, "मी बघितलं होतं गं, त्या दिवशी. न्हाणीच्या दारात होते."

"मग अडवलं का नाहीत?"

"अडवणार होते." वात नीट बसेना, पुन्हा वळली. "तो पोरगा रडत होता कुंपणाशी. तुम्हा कोणाला दिसला नाही. तुझ्या नवऱ्याच्या जन्माला गंगा अशीच एवढीशी होती, तिच्या आईबरोबर आलेली."  मी भीत भीत विचारलं, अण्णांना काय सांगू. म्हणाल्या, "ते मला विचारू नकोस. मला विटाळ मान्य आहे. खोटं नाही."

आईला एकदा विचारता आलं असतं तर.

व. १२, सोमवार.

पहाटेपासून कंबर धरलीय. दिवस भरायला अवकाश आहे अजून. सासूबाईंना सांगितलं नाही, त्यांना आपोआप कळलं.

विष्णू सकाळच्या गाडीने आला. स्टेशनातून दमणी घेऊनच आलाय, बैल सोडले नाहीत. केवढा उंच झालाय! ओटीवर उभा आहे. आत येत नाही, त्याला तसं सांगितलेलं दिसतं. दाराशी येऊन हळूच म्हणाला, "अक्का, आई म्हणते, काय सांगायचं ते सांग, पण ये. तिने तुझी खोली सारवून ठेवलीय. बाज घातलीय."

सारवणाचा वास इथे आल्यासारखा वाटला. किती सोपं आहे. एक वाक्य. मग आईचा हात.

हे माजघराच्या उंबऱ्यावर बसलेत, दोन्ही हात मांडीखाली घालून. माझ्याकडे बघत नाहीत. बघितलं तर मी काय म्हणेन याची भीती असावी, किंवा काय म्हणणार नाही याची.

कळ आली. बसून लिहिते. लिहिलं की भीती कमी होते. दुर्गाताई, अगं

सासूबाई मागच्या दारी ओरडल्या. सख्या तिथेच होता, आठवडाभर शेवग्याखाली बसून असतो बिचारा, आपल्यामुळे झालं म्हणून. "अरे, बघतोस काय मेल्या! पळ! आईला घेऊन ये. म्हणावं आत्ता, आहे तशी. पुढच्या दारानेच या!"

पुढच्या दाराने म्हणाल्या. विष्णूने ऐकलं. दमणीवाल्याला काहीतरी सांगायला निघाला, मग परत उंबऱ्याशी आला.

खिडकीतून बोळाच्या टोकापर्यंत दिसतं. सख्या गेला. गाई, टोपल्या, माणसं, कशालाच थांबला नाही. काय पळतो हा! याला आम्ही वर्षभर दोन बांबूंच्या मध्ये उभा केला होता.

विष्णू पुन्हा विचारतोय, "अक्का, काय सांगू अण्णांना?"