सात एकांचा आकडा

अण्णा, आज बसमधून एकलहऱ्याच्या वीज केंद्राची धुराडी दिसली आणि तुमचा तो आकडा आठवला. अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. सातही एक. तुम्ही कंट्रोल रूममध्ये दर तासाला मीटर बघून वहीत उतरवायचात. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं पुन्हा बघून सही करायची, ही तिथली पद्धत. त्या दिवशी मीटरवर सात एक ओळीनं उभे राहिले आणि तुम्ही हसत घरी आलात. आई गेल्यापासून वर्षभर तुमच्या तोंडाला कुलूप होतं; भाजीत मीठ नाही, एवढंसुद्धा बोलत नव्हतात. मी नववीत होते. पोळ्या लाटता लाटता म्हणालात, "पोरी, हा फुटतो का बघू या."

रोज एकच मूळ संख्या घ्यायची, भागाकार हातानं. वर्गमूळाच्या आतली शेवटची मूळ संख्या एक हजार एक्कावन्न; तिथपर्यंत कशानंच भाग गेला नाही, तर हा फुटत नाही म्हणायचं. मी भागायचं, तुम्ही लसूण सोलायचा. "मधली पायरी गाळलीस तर कान उपटीन हं!" त्या संध्याकाळी अजून डोळ्यांपुढे तरंगतात. पिवळा दिवा, फोडणीचा वास, कागदावर ते सात एक. एकदा तुम्ही त्याला त्यानंच गुणलंत. उत्तरातले आकडे एक, दोन, तीन करत सातापर्यंत चढायचे आणि तसेच एकापर्यंत उतरायचे, पांडवलेण्याचा डोंगर चढून उतरल्यासारखे! तुम्ही बघतच राहिलात, आणि तव्यावरची पोळी करपली.

बावन्नावी संध्याकाळ. दोनशे एकोणचाळीस. मी भागतेय, आणि बाकी शून्य येते. परत बघते. शून्यच! आकडा फुटला, म्हणजे उद्यापासून तुम्ही पुन्हा गप्प. मी कागदावर तळहात ठेवते. "सात उरले, अण्णा." "बरं, मग उद्या दोनशे एक्केचाळीस." दोन सह्यांशिवाय आकडा न मानणारे तुम्ही, माझा कागद बघतसुद्धा नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला, आणि आनंदही झाला.

पुढच्या एकशे पंचवीस संध्याकाळी मी अशा चोरल्या. शेवटच्या दिवशी तुम्ही जिलबी आणलीत. कंट्रोल रूमभर सांगत सुटलात, "फुटतच नाही! माझ्या पोरीनं दाखवलं." शेवटपर्यंत तुम्ही तेच खरं मानलंत.

त्या खोट्याची माफी मागायला बसले होते. पण हे पत्र कुठं पोचायचं नाहीये, म्हणून खरं सांगते, त्याचं मला काहीच वाटत नाही. सलतंय ते दुसरंच. जिलबी खाताना तुम्ही विचारलं होतंत, "आता अकरा एक घेऊ या का गं?" आज मी फोनवर बघितलं. अकरा एकांना भाग जातो तो थेट एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासनं. रोज एक मूळ संख्या घेतली असती तर सहा वर्षं पुरून उरला असता. त्यानंतर तुम्ही चारच वर्षं होतात. आणि मी टीव्हीवरची नजरही न काढता म्हणाले होते, "नको हो अण्णा, कंटाळा आलाय आता."