एक घोट, मग थांबायचं

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आज तळेगावच्या दवाखान्यात शाळेत बसलो. या वयात! विषय — लेकराला दूध कसं पाजायचं.

नात चार महिन्यांची झाली. कागदावर नाव शार्वी. मी चंपाच म्हणतो, तिच्या आजीचं नाव. आजी चैतात गेली, ही आषाढात आली. हसते कशी — डोळ्यांनी! पण तोंडात जोर नाही. आईच्या अंगावर घेतलं की जरा चोखते आणि मान टाकते. बाटली दिली तर दूध ओठाच्या कडेनं बाहेर, नाहीतर ठसका. ठसका लागला की ओठ निळे. मागच्या महिन्यात नाकातून नळी घातली. पोट त्या नळीनंच भरतं. तोंडानं प्यायला शिकली की नळी निघेल, अशी आशा.

तिथं हर्षदाताई म्हणून एक पोरगी आहे. ज्या बाळांना पिता येत नाही त्यांना शिकवणं, एवढंच तिचं काम. असं बी काम असतं! आमची सूनबाई समीक्षा बाटली हातात घेते तेव्हाच रडते. ठसक्याच्या भीतीनं आधीच अंग ताठ. ताई म्हणाली, "बाळाला ते कळतं हो. घरात शांत हात कुणाचे आहेत?" आमचा प्रदीप स्वतःच्या हातांकडं बघायला लागला. कंपनीत एवढाली मशिनं चालवतो, लेकीला उचलताना मात्र घाबरतो. समीक्षा हळूच म्हणाली, "आबांचे."

मी म्हणालो, मला काय शिकवायचं? आई मेलेली वासरं पाजून जगवलीत. आणि पोरीचं तोंड वर करून लावली बाटली. ताईनं माझा हातच धरला — "आबा, हे वासरू नाही! तोंड वर केलं तर दूध छातीत जाईल." समीक्षा फिसकन हसली. किती दिवसांनी!

मग नीट शिकलो. कुशीवर निजवायचं. हनुवटीखाली एक बोट, नुसता आधार. बाटली आडवी, म्हणजे दूध धो धो येत नाही. एक घोट — मग थांबायचं. श्वास घेऊ द्यायचा. मग दुसरा. "प्यायचं की नाही ते तिला ठरवू द्या, आबा. आपण फक्त विचारायचं."

आयुष्यात कधी कुणाला एवढं विचारलं नसेल मी.

१८ नोव्हेंबर

तीन घोट. चौथ्याला ठसका. थांबलो. घाबरलो, पण हाताला कळू दिलं नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

यंदा भात झोडायला मी खळ्यावर नाही. आळीतल्या रखमाजीनं रस्त्यात गाठलं. चार माणसांदेखत म्हणतो, "काय केरबा, बाळंतीण सून हाय का तू?" सगळे खो खो. मी म्हणालो, "व्हय, मीच. डिंकाचं लाडू धाड घरनं." तर त्याची बायको संध्याकाळी खरंच डबा घेऊन हजर! समीक्षासाठी. वर मला म्हणते, "भावजी, तुमाला एकच. तुमचं काय सवा महिन्याचं न्हाण व्हायचंय!"

आमच्या वडिवळ्याची माणसं तोंडानं फाटकी, मनानं न्हाईत.

२४ नोव्हेंबर

आज निम्मी वाटी प्यायली! तोंडानं! समीक्षा दाराआडून बघत होती. पुढं यायला भीत होती — आपली सावली पडली तर पोर थांबेल, म्हणून.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

पुण्याहून रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी प्रदीप-समीक्षाला आत बोलावलं. मी चंपाला घेऊन बाहेर बाकावर. लय वेळ लागला. बाहेर आल्यावर विचारलं तर प्रदीप म्हणाला, "काय न्हाई आबा. अंगात ताकद कमी हाय, एवढंच." आणि नळावर जाऊन तोंड धूत राहिला. समीक्षानं चंपाला माझ्याकडून घेतलं, ते घरी येईपर्यंत दिलं नाही.

ताकद कमी — ते काय आम्हाला दिसत नव्हतं? त्याला पुण्याचा रिपोर्ट कशाला!

२ डिसेंबर

प्रदीप जेवत नाही. कंपनीत कुणाला काढणार असतील. विचारलं की अंगावर येतो.

५ डिसेंबर

थंडी लय. चंपा दोन घोटांत दमते. रडते, पण आवाज मांजराच्या पिलासारखा. थंडीनंच. पाय चोळले, कानटोपी घातली. मान माझ्या दंडावर अशी पडते — ओल्या फडक्यासारखी. नजर मात्र इकडून तिकडं, चिमणी बघ, कवडसा बघ!

१२ डिसेंबर, गुरुवार

आजचा दिवस सोन्याचा!

ताई म्हणाली, "आबा, आता मोजायचं बंद. वजनाला आणायची गरज नाही. पोट नळीनं भरेल. तोंडाला फक्त गोडी द्यायची. आईचं दूध बोटाला लावून ओठावर. तिनं जीभ काढली तर अजून, तोंड फिरवलं तर बास."

मी म्हणालो, "म्हणजे पास झाली म्हणा की!" ताईनं माझ्या हातावर हात ठेवला. डोळे भरले होते तिचे. पोरगी फार जीव लावते कामाला.

कामशेतला उतरून पेढे घेतले. प्रदीप म्हणतो, "कशाला, आबा." मला रागच आला. म्हणालो, "लेकीचं चांगलं झालं तरी तुझं तोंड एरंडेल प्यायल्यावाणी!"  समीक्षानं पुडा माझ्या हातातून घेतला. "द्या आबा, मी वाटते." आणि आळीभर फिरली. रखमाजीचा आवाज घरापर्यंत ऐकू आला — "काय गं, पोरगी पास का?" ती म्हणाली, "व्हय तात्या. पास."

१५ डिसेंबर

समीक्षात केवढा फरक पडलाय! आता अंग ताठ होत नाही. मांडीवर घेते, बोट दुधात बुडवते, ओठावर फिरवते, वाट बघते. चंपा जिभेचं टोक काढते — एवढंसं. मग आईकडं बघून डोळ्यांनी हसते. ठसक्याचं नावच नाही.

मी म्हणालो, "बघ, तुझी भीती गेली. आता तूच पाज, मी सुटलो." तर घाईनं म्हणाली, "न्हाई आबा, तुमी बी द्या. तिला तुमचं बोट ओळखू येतं."

मग आळीपाळीनं दिलं. एक बोट तिचं, एक माझं. चंपा दोघांना आलटूनपालटून बघत होती. हिची आजी असती तर हसून लोळली असती — नांगर धरणारा माणूस बघा काय करतोय!

१९ डिसेंबर

श्वास घेताना छाती आत जाते, पोट वर येतं. कफ झालाय. ओव्याची पुरचुंडी शेकली.

२२ डिसेंबर, रविवार

समीक्षाशी वाद घातला. उगाच.

मी म्हणालो, संक्रांतीला चंपाचं बोरन्हाण करू. काळं झबलं, हलव्याचे दागिने, आळीतली सगळी पोरं बोलावू. तोवर नळीही निघेल. ती म्हणाली, "आबा, पुढच्या रविवारीच करू."

संक्रांतीआधी बोरन्हाण? असं कुटं असतं! मी म्हणालो, "सण काय आपल्या सोयीनं येतो का? दम धर की जरा." तिनं मान खाली घातली. "बरं." आणि उठून चुलीपाशी गेली. चुलीवर काही नव्हतं.

सांगून टाकायला हवं होतं तिला, की कर बाई तुझ्या मनासारखं. पण मला नळी काढलेलं तोंड बघायचंय. फोटोत नळी नको. आता ताईलाच विचारतो जाऊन, संक्रांतीपर्यंत निघेल का.

२६ डिसेंबर, गुरुवार

एकटाच गेलो. ताईनं दार लोटून घेतलं. "आबा, घरी कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

स्नायूंचा आजार. जन्मापासूनचा. अंग ढिलं पडत जाणार, मग श्वास. मागं फिरत नाही. म्हणून मोजायचं बंद केलं — शिकायचं काही उरलं नव्हतं, गोडीच तेवढी द्यायची होती. रिपोर्ट आला त्या दिवसापासून दोघांना ठाऊक. मला का नाही? तर समीक्षा ताईला म्हणाली होती, "आबांना कळलं तर त्यांचे हात थरथरतील. मग ती कुणाच्या हातून प्यायची?"

घरी आलो. समीक्षा दारात. "कुटं गेलतात, आबा?"

"तळेगावला."

तिनं चौकट धरली. मी हात धुतले, चंपाला कुशीवर घेतलं, बोट दुधात बुडवलं. थरथरलं नाही.

मग म्हणालो, "बाजारात बोरं आलीत का गं? रविवारी लागतील."