बेसमेंटमधला पानमळा

बाबा, मी बेसमेंटमध्ये एक कपाट बांधलं आणि त्यात गांजा लावला. आधी हेच सांगून टाकतो, म्हणजे तुमचं काय ते ओरडणं एकदाचं होऊन जाईल. तुम्ही जाऊन एकतीस वर्षं झाली, तरी हे लिहिताना मी आधी मागे वळून पाहिलं. वाडीत बिडी ओढली म्हणून तुम्ही एका गड्याला भर दुपारी हाकलून दिलं होतंत, ते मी विसरलेलो नाही. पण इथे कॅनडात, आमच्या ऑन्टारिओत, घरटी चार झाडं लावायला कायद्याचीच परवानगी आहे. पोलीस येत नाहीत, कुणी विचारतही नाही. शेजारचा म्हातारा टोमॅटो लावतो, मी हे लावलं. किचनर शहरातल्या आमच्या घराखाली, फर्नेसच्या बाजूला, जिथे पूर्वी मुलीची सायकल आणि विंटर टायर पडलेले असायचे, तिथे ते कपाट अजून उभं आहे.

तुमच्या सुनेसाठी लावलं. तिला पोटाचा कॅन्सर निघाला, गेल्या वर्षी थंडी सुरू व्हायच्या बेतात. केमो सुरू झाली आणि तिचं जेवण तुटलं. बांगड्याच्या कालवणाचा नुसता वास आला की ताट घेऊन बसणारी बाई, तिला आता भाताच्या वाफेनेसुद्धा मळमळायचं. दोन घास खायची, ते बाहेर यायचे. मग खायचीच नाही. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कॅनबिस, म्हणजे गांजाच, ट्राय करून बघा, थेंब मिळतात, जिभेखाली घ्यायचे, कित्येकांना त्याने भूक लागते. बाहेर पार्किंग लॉटमध्ये सीटबेल्ट लावता लावता ती म्हणाली, "जाता जाता घेऊया का? आपल्या कॉफीच्या दुकानाशेजारीच तर मिळतं ते." मी गाडी सुरू केली आणि म्हणालो, "दुकानातलं कशाला? कुणी कसं पिकवलंय, काय फवारलंय, देव जाणे. मी लावतो घरी." ती हसली. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा नीट हसली. "लावा लावा," म्हणाली, "वसईच्या पानमळेवाल्याचा पोर, शेवटी माती दिसली की राहवत नाही." मला बरं वाटलं. हॉस्पिटलच्या त्या सगळ्या आठवड्यांत मला कुणी काही करायला सांगितलं नव्हतं, आणि आता काहीतरी करायला मिळालं होतं.

कपाट मात्र झकास झालं. तुम्ही असतात तर बाहेरून दोनदा ठोकून बघितलं असतं आणि काहीच बोलला नसतात, म्हणजे पसंत. तीस वर्षं मी गाड्यांच्या पार्टच्या कारखान्यात मेंटेनन्स केला, मोजमापात हात बसलेला आहे. प्लायवूड आणून माणसाच्या उंचीचं खोकं केलं. आतून साधा पांढरा रंग दिला, चकचकीत नाही, कारण चकचकीत पत्रा उजेड एका जागी टोचतो आणि पांढरा रंग तो सगळीकडे पसरवतो. वर एलईडीचा बोर्ड टांगला, खालीवर करता येईल असा. त्याला वीज पुरवणारा डबा मी कपाटाच्या बाहेर बसवला, म्हणजे त्याची उष्णता आत कोंडत नाही आणि बेसमेंट तेवढंच उबदार राहतं. उजेड चालूबंद करायला टायमर, हवा खेचायला पंखा, आणि घरभर वास नको म्हणून पंख्यापुढे कोळशाची गाळणी. एवढं सगळं चालतं इस्त्रीपेक्षा कमी विजेवर. मुलगी स्कारबरोहून वीकेंडला आली, तिने दार उघडून पाहिलं आणि म्हणाली, "ओके डॅड, धिस इज ॲक्च्युअली इम्प्रेसिव्ह." मी तिला फ्यूज कुठे आहे तेसुद्धा दाखवलं.

आणि मग मी ते पानमळ्यासारखं चालवलं. बाबा, इथे लक्ष द्या, ही तुमची शिकवण आहे. पानवेलीला ऊन सोसत नाही, वारा सोसत नाही, पायाशी ओल हवी आणि डोक्यावर सावली. हे मला बाराखडीच्या आधी पाठ होतं. वाडीत शिरताना तुम्ही चपला बाहेर काढायला लावायचात, झावळ्यांची झडपं नीट लावून घ्यायचात, वाऱ्याची झुळूक आली तरी तुमच्या कपाळाला आठी. तीच आठी मी साठीत इथे घेऊन आलो. एलईडी अर्ध्यावर ठेवला आणि बोर्ड उंच टांगला, रोपांना चटका नको. पंखा सगळ्यात हळू. दार गच्च बंद. रोज सकाळी पाणी, शिवाय खालच्या ट्रेमध्ये आणखी थोडं, दमटपणा राहावा म्हणून. आणि हसू नका, पण बाहेर बर्फ पडलेलं, खाली सिमेंटची थंडगार जमीन, आणि मी चपला जिन्यावर काढून अनवाणी उतरायचो. कुणी सांगितलं नव्हतं. पायच तसे उतरायचे. वरून ती ओरडायची, "अहो, मोजे तरी घाला, तुम्ही आजारी पडलात तर मला कोण बघणार?" मी म्हणायचो, घालतो. घालायचो नाही.

रोपं उंच झाली, काटकुळी, पांढुरकी. मुलीने फोनवर व्हिडिओ दाखवले. "डॅड, लिटरली एव्हरीवन सेज मोअर लाइट, मोअर एअर." मी तिला म्हणालो, व्हिडिओवाल्यांनी पानमळा पाहिलाय का कधी? आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पानं पिकवून मुंबईला पाठवली, मला कुणी झाडं शिकवू नका. तिने फोन पर्समध्ये टाकला. माझ्यासारखीच आहे, फार वेळ भांडत नाही. वर खोलीत तुमची सून आरशासमोर उभी राहून बांगड्या कोपरापर्यंत सरकवून बघायची. सोन्याच्या, तिच्या आईच्या. जिथे मनगटावर अडायच्या तिथून सरळ वर जायच्या. मी दारातून पाहायचो आणि खाली जायचो. खाली पांढरा उजेड होता, पंख्याचा एकसुरी आवाज होता, आणि तिथे मला काही वाटायचं नाही. तेच मला हवं होतं, असं आता वाटतं. तेव्हा मला वाटायचं की मी काम करतोय.

फुलोरा आला तेव्हा मी वर जाऊन सांगितलं, तीन आठवडे, फार तर चार. ती म्हणाली, "बरं." चौथ्या आठवड्यात एक बोंड जरा तपकिरी दिसलं म्हणून बोटाने उघडलं. आत राखाडी बुरशी. दुसरं उघडलं, तेही तसंच. चारही झाडं आतून कुजली होती, बाहेरून हिरवीगार. ओल, कोंदट हवा, कमी उजेड. पानवेलीला जे लागतं तेच मी दिलं, आणि हे झाड उन्हावाऱ्याचं निघालं. मी काळ्या पिशवीत भरलं सगळं, हात धुतले आणि वर जाऊन पेज केली. बाबा, मला रडू आलं नाही, रागही आला नाही. पेज ढवळत उभा राहिलो तेवढंच. तिला सांगितलं, कीड लागली, पण आता समजलंय कुठे चुकलं ते, लगेच दुसरी लावतो. आणि लावली. या वेळी उजेड पूर्ण, बोर्ड खाली, पंखा जोरात, पाणी माती सुकल्यावरच. पोरगी सांगत होती तसंच सगळं. झाडं अशी तरारली की मला लाज वाटली.

आता आईचं बोलतो. मी एकोणीस वर्षांचा होतो. आईच्या छातीत कफ भरला, ताप उतरेना, आणि तुम्ही आठ दिवस तिच्या छातीवर एरंडेल लावून गरम पानं ठेवत होतात. आपल्याच मळ्यातली, निवडून काढलेली, दाताखाली कडक वाजणारी पानं, जी तुम्ही कधी घरात खायलासुद्धा ठेवली नाहीत. आत्या म्हणाली, डॉक्टरला बोलवा. तुम्ही म्हणालात, "बाटलीतलं पाणी पाजून काय होणार? आपल्या पानात गुण आहे." नवव्या दिवशी मिशनच्या दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. तिला पुरून आल्यावर, अंगणात तेर्साला, म्हणजे रोजरीच्या प्रार्थनेला, सगळं गाव बसलेलं असताना, मी तुम्हाला मोठ्याने म्हणालो की तुमच्या पानांनी मारलं तिला. दुसऱ्या दिवशी सकाळी पानं खुडायला गेलात, कारण गाडीला टोपल्या द्यायच्या होत्या. मी ते कधी माफ केलं नाही. कॅनडाला आलो त्यात तेही एक कारण होतं, आणि तुमच्या मातीला आलो नाही त्यातही.

ते शब्द मी परत घेत नाही, बाबा. खोटं कशाला बोलू? तुम्ही चुकलात ते चुकलातच. फक्त एवढं सांगायचंय की त्या आठ दिवसांत तुम्ही पानं का निवडत बसला होतात ते मला आता कळतं. खाटेपाशी नुसतं बसणं तुम्हाला जमत नव्हतं. आपल्या हाताने पिकवलेलं काही तिच्या अंगाला लावलं की तेवढा वेळ माणसाला वाटतं, आपण कामाचे आहोत. आणि तुम्हाला निदान मी तोंडावर बोललो; मलाही कुणीतरी तसं बोललं असतं तर बरं झालं असतं. मला कुणीच बोललं नाही.

मे महिन्यात एका शनिवारी मुलगी आली. ग्रोसरीच्या पिशवीतून तिने एक छोटी बाटली काढली, टेबलावर ठेवली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आय जस्ट स्टॉप्ड ऑन द वे." आईच्या जिभेखाली तिने थेंब घातले. तासाभराने तुमची सून किचनमध्ये येऊन बसली आणि म्हणाली, सुकटीचा वास येतोय का कुठून? नव्हता येत. मी फ्रीजरमधून सुकट काढून भाजली, चटणी केली, गरम भात वाढला. तिने अर्धं ताट खाल्लं. मग म्हणाली, "अजून थोडा भात घाला हो." मी वाढला. मुलगी सिंककडे तोंड करून भांडी घासत होती, जी घासलेलीच होती. मी विचारलं, मीठ बरोबर आहे का? ती म्हणाली, "छान आहे." एवढंच बोललो आम्ही. त्यानंतर ती एकोणीस दिवस जगली आणि त्यातले बरेचसे दिवस जेवली. काही वेळा झोपलीही.

दुसरं पीक तिच्या मातीनंतर बारा दिवसांनी तयार झालं. मी कापलं, उलटं टांगून सुकवलं, बरण्यांत भरलं. कुणासाठी, ते विचारू नका. वाया जाऊ द्यायचं नाही एवढंच डोक्यात होतं. चर्चमध्ये मिस्सा झाली, माणसं आली, डबे आले, माणसं गेली. टायमर मी काढलेला नाही, त्यामुळे रोज सकाळी सहाला रिकाम्या कपाटात उजेड पडतो आणि संध्याकाळी सहाला जातो.

परवा मुलगी आईचे कपडे आवरायला आली होती. स्वेटर घडी करता करता तिने विचारलं, "डॅड, डिड मॉम एव्हर आस्क यू? टू जस्ट गेट इट फ्रॉम द स्टोअर?" मी म्हणालो, नो. शी वॉण्टेड मी टू ग्रो इट. तिने मान हलवली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, दॅट्स सो लाइक हर.

तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून हे इथे लिहितोय. तिच्या आईने विचारलं होतं. एकदा गाडीत, आणि एकदा कुजलेलं पीक फेकून मी पेज घेऊन वर गेलो तेव्हा. माझा हात धरून म्हणाली होती, "आता तरी दुकानातून आणा ना, मला भूक लागायला हवीय." मी म्हणालो होतो, या वेळचं छान येणार आहे, थोडी कळ काढ.