निळ्या पट्ट्यांची उशी

दोल्नी लुझेक,
११ फेब्रुवारी २०१४

प्रिय ट्राउडल,

तुझं नाताळचं पत्र आणि बिस्किटं पोचली. बिस्किटं कडक झालीत, कॉफीत बुडवून खाते. गुडघे होते तसेच आहेत. शेजारचा झ्देनेक यंदाही डुक्कर कापताना स्वतःचं बोट कापून बसला. वर म्हणतो, "काकू, डुकरापेक्षा माझंच रक्त जास्त गेलं."

गेल्या उन्हाळ्यात इथे टीव्हीवाले आले होते. युद्धानंतर तुम्हा जर्मनांना देशाबाहेर काढलं, त्या वेळच्या आपल्या गावावर मालिका करतायत. घर त्यांनी तुमचंच निवडलं, म्हणजे माझं. जुनं माणूस म्हणून मला चुका काढायला बसवलं. बसायला खुर्ची आणि रोज दुपारी मांसाचा गुलाश.

पहिल्याच दिवशी घरमालकिणीचं काम करणारी नटी दाराला कुलूप लावून चावी खिशात टाकून निघाली. मी म्हटलं, "अगं बाई, चावी बाहेरून दारातच ठेवायची, नावाची चिठ्ठी बांधून. घर तुझं राहिलंय का आता?" दिग्दर्शक खूश. "आजी, तुम्ही नसतात तर आमचं हसं झालं असतं!"

मग सामानाच्या तपासणीचा प्रसंग आला. शिपाई एकामागून एक उशा फाडत होता, अंगणभर पिसं. माझ्या तोंडून निघून गेलं, "असं नाही. त्याने एकच फाडली. निळ्या पट्ट्यांची. सरळ तीच उचलली."

"एकच? त्याला काय स्वप्न पडलं होतं?" दिग्दर्शकाने विचारलं.

मी गुलाशचं ताट पुढे ओढलं.

"म्हणजे घरातलंच कोणीतरी फितूर झालं," तो म्हणाला. "मोठी बहीण! तसंच घेऊ."

मी गुलाश संपवला.

तो भाग मार्चमध्ये दाखवणार आहेत. तुमच्याकडेही दिसेल म्हणे. म्हणून हे आत्ता लिहिते.

आम्ही राहायला आलो तेव्हा तुम्ही अजून घरातच होतात. माझे बाबा सरकारने नेमलेले नवे कारभारी, आणि तुझी आई त्यांच्या हाताखाली स्वतःच्याच गाईंची धार काढायची. आपण दोघी आठ वर्षांच्या. पाच महिने एका पलंगावर झोपलो. आजीचे लाल खडे उशीत कुठे शिवलेत, ते तू मला हात लावून दाखवलंस. दुसऱ्या दिवशी बाबांनी विचारलं, "चिमणे, काही दडवलंय का गं त्यांनी?" धाक नव्हता, खाऊही नव्हता. बाबा पहिल्यांदाच मला मोठ्या माणसासारखं विचारत होते. मी सांगितलं.

तपासणीत उशीतून खडे निघाले आणि तुझ्या आईला रांगेतून बाजूला काढलं. तुम्ही बहिणी एकट्याच जर्मनीच्या गाडीत चढलात. त्या सकाळी तुझ्या मोठ्या बहिणीने, रोझलने, उशी फाडणाऱ्या त्याच शिपायाकडे प्यायला पाणी मागितलं होतं, बस्स, तेवढंच. तेवढ्यावरून तिनेच सांगितलं असं धरून तू अडुसष्ट वर्षं सख्ख्या बहिणीशी बोललेली नाहीस. गेली वीस वर्षं तू हे मला पत्रातून कळवतेस, आणि मी उत्तरात गुडघ्यांबद्दल लिहिते.

मला रडू आलेलं नाही. काहीतरी वाटायला हवं होतं, ते वाटत नाही.

"रोझल अंथरुणाला खिळलीये, निरोप पाठवते, पण मी जाणार नाही," असं तू लिहिलंस. जा. मार्चच्या आधी जा. मला काय म्हणायचं ते नंतर म्हण, नाहीतर म्हणूही नकोस.

तुझ्या पलंगावर अजून झोपणारी,
ब्लाझेना