आईच्या आवाजाच्या बारा फाइल्स

प्रिय सम्यक,

जयभीम. फोन केला असता तर ‘ताई, यार, सोड ना’ म्हणत तू विषय बदलला असतास. म्हणून कागदच घेतला.

आई गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाला तिचा आवाज सगळ्यांना ऐकवायचा, हे मी ठरवूनच टाकलं होतं. जालन्याकडच्या जात्यावरच्या ओव्या, तिची ती भीमगीतं, कुठेच लिहिलेली नाहीत. पण मला घोर नव्हता. तू बारा रविवार मुलुंडला आईकडे जाऊन ती रेकॉर्ड केली होतीस ना. दर रविवारी संध्याकाळी आपल्या फोल्डरमध्ये एक फाइल यायची.

त्या दिवशी एकही उघडली नाही. तू म्हणालास, फोनचा लोचा झाला, सगळं करप्ट. मी मेली खुळी, मान डोलावली. घाटकोपरला एक जण उडालेला डेटा काढून देतो, त्याच्याकडे पेनड्राइव्ह घेऊन तीन चकरा मारल्या. तिसऱ्यांदा त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसती शून्यं. म्हणाला, मॅडम, बिघडायला आत काहीतरी असावं लागतं.

मग मी आकार नीट बघितले. एकशे ऐंशी एमबी, दोनशे दहा, दोनशे चाळीस. बरोब्बर, एक बाइट कमी नाही की जास्त नाही. खरं रेकॉर्डिंग असं मापात येतं का रे? हव्या त्या आकाराची रिकामी फाइल बनवायची कमांड तुला मीच शिकवली होती. टेस्टिंगच्या पहिल्या नोकरीत, वेबसाइट मोठी फाइल घेते का ते तपासायला तुला हवी होती. माझ्या लॅपटॉपवर टर्मिनलच्या काळ्या चौकटीत एक ओळ टाइप करून दाखवली. नाव दे, आकार सांग, एंटर मार. दोन सेकंदांत फाइल तयार, आत काही नाही. काय खूश झाला होतास. आणि नवव्या रविवारची फाइल तू तीनशे साठची केलीस, खाली लिहिलंस, ‘आज आई खूप बोलली.’ ते परत वाचलं आणि अंगाचा तिळपापड झाला. खोटं बोलायचं तर बोल, पण त्यात एवढी कलाकुसर?

आईच्या शेजारच्या रत्नप्रभाकाकूंना विचारलं. त्या बारा रविवारांत तू दोनदा आलास म्हणे, तेही उभ्याउभ्या. आणि आई मला फोनवर सांगायची, आला होता गं, जेवून गेला. लेकाची लाज राखत होती. मला तिचाही राग येतो, पण तो आता कुणावर काढू?

ओव्या गेल्या त्याचं दुःख आहेच, पण हे पत्र त्यासाठी नाही. सुट्टीचा एकच दिवस, त्यात बोरिवलीहून मुलुंड. दर रविवारी सकाळी निघावंसं वाटायचं आणि मी मनात म्हणायचे, सम्यक आहे ना आज तिच्याजवळ. संध्याकाळी फाइल आली की आकार बघून निवांत व्हायचे. एकही उघडून ऐकली नाही. एक जरी उघडली असती तरी पुढच्या रविवारी मी आईकडे असते. तू तिला फसवलं नाहीस, तिला सगळं माहीत होतं. फसले ती मी. आई रविवारमागून रविवार एकटी जेवली, सम्यक, आणि हे मला तुझ्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही.

तुझीच,
मित्राताई