निळ्या अक्षरांमागची आई

॥ श्री ॥
देवबाग, ता. ९ नोव्हेंबर २००९

चि. अनुजा हिस अ. उ. आशीर्वाद.

मी खुशाल आहे. तू ई-मेलने पाठवलेलं तुझ्या आईच्या पदार्थांचं पुस्तक काल मालवणात सत्यवानच्या सायबर कॅफेत जाऊन पाहिलं. बोटीवर नोकरीला होतो तेव्हापासून मला पत्राचीच सवय, म्हणून उत्तर कागदावर. हसू नको गो.

पुस्तक देखणं झालंय. बांगड्याच्या तिखल्याच्या फोटोत कडेला तिचा हात आलाय, तो पटकन ओळखला. मुंबईच्या आणि मस्कतच्या नातेवाइकांनाही पाठवलंस ते बरं केलंस.

एकच विचारायचं होतं. पदार्थाचं निळं नाव दाबलं की आई तो पदार्थ स्वतः सांगताना ऐकू येईल, असं तू फोनवर म्हणाली होतीस. मी सगळी नावं दाबून पाहिली, पण आवाज काही आला नाही. सत्यवानने दोनदा दाबायला सांगितलं, तसंही केलं. माझंच काही चुकत असणार. घाई नाही, सवडीने कळव.

कुंपणाच्या गडग्याचे दोन दगड ढासळले होते, ते लावून घेतले. घर जसं होतं तसं आहे.

जावईबापूंस आशीर्वाद. आठवण ठेवतेसच, ती ठेवीत जा.

तुझे बाबा


पुणे, ता. १५ नोव्हेंबर २००९

ती. बाबांस शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र पोचलं. ऑफिसात माझ्या टेबलावर पाकीट पाहून सगळ्यांना नवल वाटलं.

निळी नावं माझ्या मॅकवर झकास चालतात, आत्ताच पुन्हा दाबून पाहिली. त्या कॅफेचा कॉम्प्युटर जुना असणार. कधी कणकवलीला गेलात तर तिथे बघा. नाहीतर सोपं म्हणजे, रविवारी फोन करते आणि रिसीव्हरपाशी लावून ऐकवते.

आणि बाबा, पुण्याला कधी येताय? तिथे एकट्याने काय करता दिवसभर? मी विचारलं की तुम्ही गडग्याचं सांगता. जेवणाचं काहीच लिहिलं नाहीत. काशीबाई डबा देतात ना अजून?

तब्येत सांभाळावी आणि लेकीवर रागावू नये.

आपली
अनुजा


॥ श्री ॥
देवबाग, ता. २४ नोव्हेंबर २००९

चि. अनुजा हिस अ. उ. आशीर्वाद.

रविवारी फोनवर मी ‘ऐकलं, छान आहे’ म्हणालो, ते खरं नव्हतं. खरखरीत काहीतरी आलं आणि मध्येच तू विचारलंस, बाबा ऐकू येतंय ना? तू पलीकडे थांबलेली असताना मला ते नीट ऐकता येणार नाही, बाय. माझं काय होईल ते मलाच ठाऊक नाही.

काल एसटीने कणकवलीला जाऊन आलो. तिथला कॉम्प्युटर नवाकोरा होता, तरी अक्षरं मुकीच. शेजारी कॉलेजची मुलं हसत-खिदळत बसली होती आणि मी एकेक नाव दाबत होतो. खापरोळ्या, धोंडास, सोलकढी. मग उठलो.

तुला वाटेल, म्हातारा एवढा का मागे लागलाय. सांगतो. आई जाऊन वर्ष होत आलं. तिचा चेहरा डोळ्यांसमोर येतो, चाल येते, पदराला हात पुसणं येतं. आवाज येत नाही. ती काय काय बोलायची ते सगळं आठवतं, पण ते माझ्याच आवाजात. गेल्या महिन्यात हे ध्यानात आलं तेव्हा माडाखाली बराच वेळ बसून राहिलो.

मी बोटीवर असताना तिने वर्षानुवर्षं माझ्या पत्रांवर काढली. तिला माझा आवाज आठवत असेल का, हे मी तिला कधी विचारलं नाही. आता विचारायचं कोणाला?

काशीबाई डबा देते. एका वेळचा डबा दोन वेळा पुरतो.

लिहू नये ते लिहिलं. मनाला लावून घेऊ नकोस.

तुझे बाबा


पुणे, ता. २ डिसेंबर २००९

ती. बाबांस शि. सा. नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र ऑफिसात वाचलं आणि जिन्यात जाऊन बसले. शेजारच्या टेबलावरचा मितेश शोधत आला. त्याला सगळं सांगितलं, तर त्याने पहिलाच प्रश्न विचारला, की पुस्तकाची पीडीएफ कशी बनवलीस?

बाबा, चूक माझीच होती. मी मॅकवर प्रिंटची आज्ञा देऊन, तिथल्याच बटणाने पीडीएफ करून ठेवत होते. त्या वाटेने गेलं की माझा प्रोग्रॅम पान कागदावर छापल्यासारखं करतो. अक्षर निळं दिसतं, पण त्यामागे बांधलेला आईच्या रेकॉर्डिंगचा इंटरनेटवरचा पत्ता गळून जातो. मी आपली मूळ फाइल उघडून बघत होते, पाठवलेली पीडीएफ कधी उघडलीच नाही. मस्कतच्या सुगंधामावशीलाही मुकीच अक्षरं गेली. ती बिचारी भिडेपोटी छान आहे म्हणाली.

आधी प्रत्येक पदार्थाखाली पूर्ण पत्ता इंग्रजीत टाइप करून पाहिला. तो चालला, पण आईच्या पानावर ती लांबलचक शेपटी बघवेना. मग मितेशने मजकूर दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये घ्यायला लावला. त्यात प्रिंटच्या वाटेला न जाता पीडीएफ म्हणून एक्स्पोर्ट करता येतं आणि दुवे शाबूत राहतात. या वेळी तीच फाइल मितेशच्या विंडोजवर आणि बाहेरच्या एका कॅफेत उघडून पाहिली. दोन्हीकडे आई बोलली.

नवी फाइल आजच पाठवली आहे. बाण निळ्या नावावर न्या. त्याचा छोटा हात झाला की समजा, दुवा जिवंत आहे. मग एकदाच दाबा. सत्यवानभाऊंकडून हेडफोन मागून घ्या. मी फोन करणार नाही. तुम्हाला वाटेल तेव्हा लिहा.

तुम्ही एकटे आहात हे मला कळत होतं. कसे एकटे आहात, ते कळत नव्हतं.

पाया पडते. माया असू द्यावी.

आपली
अनुजा


॥ श्री ॥
देवबाग, ता. १२ डिसेंबर २००९

चि. अनुजा हिस अ. उ. आशीर्वाद.

आज शनिवार, सकाळीच मालवणला गेलो. कॅफेत दुसरं कोणी नव्हतं. सत्यवानने हेडफोन दिले आणि तो बाहेर पायरीवर जाऊन बसला. बाण तिखल्यावर नेला. हात झाला. दाबायला धीर होईना. मग दाबलं.

आधी भांड्याचा आवाज, मग तुझं हसणं, आणि मग ती. तिरफळं ठेचूची, वाटूची नाय, असं तुला दटावत होती. तिचा आवाज मला वाटत होता त्याहून बारीक आहे गो. मी एवढा विसरलो होतो.

ती चिंचेच्या कोळापर्यंत आली आणि मध्येच थांबून म्हणाली, “अवो, दार जरा लोटा, वारो येता, चूल विझतली.”

मी हेडफोन काढून ठेवले, उठलो आणि दार लोटून आलो.

खुर्चीत परत बसल्यावर कळलं, मी खंय आसंय ते. सत्यवान पायरीवरून काचेतून बघत होता. त्याने दार उघडलं नाही.

बाकीची नावं दाबली नाहीत. दर शनिवारी एक ऐकेन. पुण्याचं म्हणशील तर पौषात येतो, पण शुक्रवारी परत सोड.

सर्वांस आशीर्वाद. जीव लावतेस तसाच लावीत राहा.

तुझे बाबा